वॉरफॅरिन चालू असताना आईला गुडघ्यांसाठी एमएसएम द्यावं का?

नमस्कार मंडळी,

आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. सकाळी उठली की पलंगाची कड धरून थोडा वेळ तशीच उभी राहते, मगच पहिलं पाऊल टाकते. तिच्या मैत्रिणीने एमएसएम, म्हणजे मिथाइलसल्फोनिलमिथेन, घ्यायला सांगितलंय. हे गंधक असलेलं पूरक, कॅप्सूल किंवा पांढरी पावडर. मैत्रिणीला बरं वाटलं म्हटल्यावर आई रोज विचारते, कधी आणतोस?

आईला सल्फाच्या गोळ्यांची ॲलर्जी आहे, म्हणून आधी त्याचीच धास्ती होती. पण सल्फा औषधांची रचना वेगळी असते, नुसतं गंधक आहे म्हणून ती ॲलर्जी येत नाही असं वाचल्यावर जीव भांड्यात पडला. गंधक तर आपल्या रोजच्या प्रथिनांतही असतंच.

फायद्याचं म्हणाल तर २००६ साली गुडघ्याच्या झिजेच्या ५० रुग्णांवर एक चाचणी झाली. १२ आठवडे, ३ ग्रॅम दिवसातून दोनदा. दुखणं आणि हालचाल यांत दिखाऊ (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा बरा फरक दिसला, आखडलेपणात मात्र लक्षणीय नाही. आईचा मुख्य त्रास तर सकाळच्या आखडण्याचाच! केस, नखं, 'शरीरशुद्धी' वगैरे दाव्यांवर माझा विश्वास नाही. पोट बिघडणं, मळमळ, डोकेदुखी हे त्रास काहींना होतात, ते एक वेळ चालेल.

खरी काळजी वेगळीच आहे. आई रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेते आणि तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा; तो फार वाढला की रक्तस्रावाची भीती) मोठ्या मुश्किलीने जागेवर आलाय. एमएसएम बऱ्याचदा ग्लुकोसामाइन या सांध्यांसाठीच्या दुसऱ्या पूरकासोबत एकाच गोळीत येतं, आणि ग्लुकोसामाइनमुळे वॉरफॅरिन घेणाऱ्यांचा आयएनआर वाढल्याच्या नोंदी आहेत. म्हणून मिश्र गोळी मी आणणारच नाही. पण नुसतं एमएसएम?

तुमच्यापैकी किंवा घरातल्या कुणी वॉरफॅरिनसोबत ते घेतलंय का? आयएनआर हलला का, तपासणी किती दिवसांनी केली? इथे कुणी डॉक्टर किंवा फार्मासिस्ट असतील तर आवर्जून लिहा. आईच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक कॅप्सूलही देणार नाहीये, पण ते घाईत असतात, तेव्हा नेमकं काय विचारायचं ते सांगा. आणि सकाळच्या आखडण्यावर कुणाला व्यायामाने किंवा शेकाने आराम पडला असेल तर तेही कळवा.