ऑर्थो आणि पॅरा नायट्रोफिनॉल: वाफेबरोबर एकच का निघतो?

बारावी_सायन्स:
फिनॉलवर विरल नायट्रिक आम्लाची क्रिया केली की ऑर्थो आणि पॅरा नायट्रोफिनॉल मिळतात, आणि ते स्टीम डिस्टिलेशनने, म्हणजे मिश्रणातून पाण्याची वाफ सोडून, वेगळे करतात. दोघांचं रेणुवस्तुमान १३९. दोघांत एक हायड्रॉक्सिल, एक नायट्रो गट. हायड्रोजन बंधही दोघांत आहे. मग ऑर्थोचा उत्कलनांक एवढा कमी का? क्लासमध्ये सांगितलं, ‘पाठ कर’. मला समजून घ्यायचंय.

क्षितिज_पुणे:
ऑर्थोत बंध रेणूच्या आत असतो, पॅरात दोन रेणूंच्या मध्ये. परीक्षेला एवढं पुरतं.

प्रॅक्टिकलवाली_मॅडम:
परीक्षेला पुरेल, पण हिचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, आणि फार चांगला आहे.

बाळा, द्रव उकळतो तेव्हा रेणू तुटत नाही, शेजाऱ्यांपासून सुटतो. त्यामुळे बंध किती आहेत यापेक्षा शेजाऱ्याशी किती आहेत हे बघ. ऑर्थोत दोन्ही गट शेजारी असल्याने हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन स्वतःच्याच नायट्रोच्या ऑक्सिजनकडे वळतो. त्या हायड्रोजनसकट सहा अणूंचं कडं तयार होतं. शेजाऱ्याला द्यायला हायड्रोजन उरतच नाही म्हण ना. पॅरात गट समोरासमोर, एवढ्या लांब वळता येत नाही, म्हणून एकाचा हायड्रॉक्सिल दुसऱ्याच्या नायट्रोला धरतो, तो तिसऱ्याला. साखळीच.

ऑर्थो २१६ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. पॅरा जवळपास २७९ ला, तोही विघटन होत होत. वितळायलाही ऑर्थोला ४५ अंश पुरतात, पॅराला ११४ लागतात.

स्टीम डिस्टिलेशनमध्ये ऑर्थोला २१६ पर्यंत जावंच लागत नाही. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे त्याचा आणि पाण्याचा बाष्पदाब मिळून वातावरणाएवढा झाला की दोघं शंभराच्या जरा खालीच एकत्र निघतात. पॅराचा बाष्पदाब नगण्य, शिवाय तो गरम पाण्यात चांगला विरघळतो. तो फ्लास्कमध्येच राहतो.

प्रयोग करशील तेव्हा कंडेन्सरवर नजर ठेव. पाणी जोरात सोडलं तर ऑर्थोचे पिवळे खडे आतच धरतात आणि नळी तुंबते. मी मुलांना अशा वेळी पाणी थोडा वेळ बंद करायला सांगते. खडे वितळून खाली उतरतात.

बारावी_सायन्स:
खूप थँक्यू मॅडम! मग मेटाचं काय? आणि बंध आतच आहे हे कळलं कसं?

प्रॅक्टिकलवाली_मॅडम:
मेटातही गट एकमेकांपासून लांबच, म्हणून तो पॅरासारखा वागतो. वाफेबरोबर येत नाही.

दुसरं इन्फ्रारेड वर्णपटावरून कळतं. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये इथेनॉलचं द्रावण पातळ करत गेलं की रेणू लांब जातात, बंध सुटतात, आणि ओ-एचचा रुंद पट्टा जाऊन ३६०० प्रति सेंटीमीटरच्या वर अरुंद पट्टा दिसतो. ऑर्थो नायट्रोफिनॉल कितीही पातळ कर, त्याचा पट्टा जागचा हलत नाही.

आता सॅलिसिलाल्डिहाइड आणि पॅरा हायड्रॉक्सिबेन्झाल्डिहाइडची रचना काढ. खोलीच्या तापमानाला एक द्रव आहे, एक घन. कोणता कोण ते इथे लिही.