जुना फ्लॅट विकायच्या आधी नवीन घ्यायचाय, ब्रिज लोन घ्यावं का?

वारज्याची वाट:
कोथरूडला १ बीएचके आहे, २००९ साली २४ लाखांना घेतलेला. त्यावर अजून ९ लाखांचं कर्ज आहे. वारज्यात रीसेलचा एक २ बीएचके मनात भरलाय, १ कोटी १५ लाख. मालक म्हणतात, दीड महिन्यात साठेखत करून टाका, दुसरं गिऱ्हाईक दारात आहे. आमच्या फ्लॅटचे ७२ लाख यावेत अशी आशा. एका बँकेने ५० लाखांचं ब्रिज लोन ११ टक्क्यांनी देऊ केलंय. मुदत दोन वर्षं, तोवर फक्त व्याज, घर विकलं की मुद्दल. वर ४० लाखांचं नेहमीचं गृहकर्ज, बाकी आमची शिल्लक. घरात ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत, मध्ये भाड्याच्या घरात जाऊन दोनदा सामान हलवणं नको वाटतं. कोणी घेतलंय का?

जुना बँकवाला:
ताई, आधी वहीत मांडा. ५० लाखांवर ११ टक्के म्हणजे महिन्याला सुमारे ४५,८०० नुसतं व्याज. ४० लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांना ३४,७०० च्या आसपास. शिवाय जुना हप्ता चालूच. हे किती महिने ओढवेल ते ठरवा. आणि ७२ लाख हा आकडा एजंटने सांगितलाय का? नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तुमच्याच सोसायटीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स २, म्हणजे नोंदणीचे उतारे, काढून बघा, खरा भाव तिथे कळतो.

दोनदा टेम्पो:
आम्ही घेतलं होतं, ठाण्यात. वाटलं चार महिन्यांचा प्रश्न. पावसाळ्यात बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल आली आणि बघायला येणारा प्रत्येक जण बरोबर त्याच भिंतीला हात लावायचा. मग पितृपक्ष, टोकन द्यायला कोणी तयार नाही. दसऱ्याला एक जण ठरला, तर त्याच्या कर्जाच्या मंजुरीत दोन महिने. सगळे मिळून अकरा महिने गेले, आणि सोडलं ते मागत होतो त्यापेक्षा साडेतीन लाखांनी कमी. समोरच्याला कळतं हो, तुमच्या डोक्यावर व्याज बसलंय ते.

सीए नाही, पण:
अकरा महिन्यांत सुटलात हे नशीब. बँक दोन वर्षं देते, पण आयकराचं घड्याळ वेगळं चालतं. नवीन घर आधी घेतलं, तर त्यानंतर वर्षाच्या आत जुनं विकलं गेलं पाहिजे, तरच नफ्यावरची सूट मिळते. आधी विकून मग घेतलं तर दोन वर्षं मिळतात. म्हणजे ब्रिज लोनवाल्याला मुदत निम्मी. ती हुकली तर नफ्यावर कर, २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला १२.५ टक्के साधा किंवा २० टक्के इंडेक्सेशन (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून) धरून, जो कमी बसेल तो.

आणखी एक. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ६. म्हणजे तुमचे १ लाख १५ हजार वाचतात. पण जुनं घर यजमानांच्या नावावर असेल तर या मोहात पडू नका. ज्याने विकलं त्याचं नाव नव्या घरात नसेल तर सुटीवरून आयकरवाल्यांशी वाद होतो.

जुना बँकवाला:
हे लाखातलं बोललात. ताई, वारज्याच्या मालकांना टोकन वाढवून द्या आणि चार महिने मागा. दुसरं गिऱ्हाईक दारात आहे असं प्रत्येकच मालक म्हणतो. मिळाले तर ब्रिज लोन लागणारही नाही. लागलंच तर वर्षभराचं व्याज, साडेपाच लाख, आधीच बाजूला ठेवता येत असेल तरच सही करा. आणि फ्लॅटची जाहिरात आजच टाका. कागद तयार आहेत ना? बँकेकडच्या मूळ कागदांची यादी, सोसायटीचं ना-हरकत, सभासदत्वाचं शेअर सर्टिफिकेट?

वारज्याची वाट:
मालक तीन महिन्यांवर आलेत, टोकन पाच लाख मागतात. घर आमच्या दोघांच्या नावावर आहे, नवीनही तसंच घेऊ. शेअर सर्टिफिकेट आज कपाटातून काढलं. त्यावर अजून आधीच्या मालकांचंच नाव आहे. सोळा वर्षांत कोणी उलटून बघितलंच नव्हतं!

जुना बँकवाला:
मग टोकन थांबवा, आधी सेक्रेटरींना गाठा. हस्तांतराचा अर्ज कमिटीच्या पुढच्या सभेत घ्यायला लावा. तुमच्या गिऱ्हाइकाची बँक तो कागद पहिल्या दिवशी मागणार.