मदत हवी आहे: मूल्यमापनाच्या नोकरीतून आंतरराष्ट्रीय विकास अभ्यासात पीएचडी

नोंदवही:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल.

मी विकास क्षेत्रात मूल्यमापनाचं काम करते, मुख्यतः ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या प्रकल्पांचं. समाजकार्यात एमए झालं आहे. काही वर्षांपासून पीएचडीचं डोक्यात आहे आणि ती आंतरराष्ट्रीय विकास अभ्यास या विषयातच करायची आहे.

कारण असं की आमचा शेवटचा अहवाल प्रकल्प संपता संपता लिहिला जातो. गावात पाणी समिती झाली का, तिच्या बैठका होतात का, हातपंपाच्या देखभालीसाठी वर्गणी गोळा होते का, यापुढे हो किंवा नाही लिहायचं आणि फाईल बंद. नंतर निधी देणारे जातात, आम्हीही जातो. त्या समितीचं पुढे काय झालं हे बघायला परत कोणी जात नाही, कारण त्यासाठी निधीच नसतो. मला तेच शोधायचं आहे. युगांडा किंवा मलावी डोळ्यांसमोर आहेत, कारण तिथल्या प्रकल्पांवर मी काम केलंय.

आता शंका. ऑक्सफर्ड, ससेक्सचं आयडीएस, लंडनचं सोआस, मँचेस्टर, हेगचं आयएसएस ही नावं सगळीकडे दिसतात, पण त्यातून निवड कशी करायची? समाजकार्याची एमए चालेल की आधी दुसरी मास्टर्स करावी लागेल? स्कॉलरशिपचं कसं? संस्थेसाठी जमवलेली माहिती प्रबंधात वापरता येते का? आणि एक मोठी भीती. 2025 मध्ये यूएसएड, म्हणजे अमेरिकेची विकास मदत संस्था, गुंडाळलं गेलं, ब्रिटननेही विकास मदत 2027 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.3 टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. अशा काळात या विषयात चार-पाच वर्षं घालवणं शहाणपणाचं आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

सातासमुद्रा:

याच विषयात ब्रिटनमध्ये पीएचडी केली आहे, म्हणून लिहितो.

संस्थांची यादी सध्या बाजूला ठेवा. पीएचडीत तुमचा संबंध येतो तो एका, फार तर दोन गाईडशी. ग्रामीण पाणी, स्थानिक संस्था, प्रकल्प संपल्यानंतरचा काळ यावर अलीकडे कोण लिहितंय ते आधी शोधा. 'वर्ल्ड डेव्हलपमेंट', 'डेव्हलपमेंट अँड चेंज', 'जर्नल ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज' यांचे गेल्या काही वर्षांचे अंक चाळा. ज्यांचं काम वाचताना तुम्हाला वाद घालावासा वाटतो ती माणसं टिपून ठेवा. ती कुठे शिकवतात ते नंतर बघायचं. कदाचित त्यातलं कोणीच विकास अभ्यासाच्या विभागात नसेल, भूगोलात किंवा मानववंशशास्त्रात असेल. त्याने बिघडत नाही.

पाण्यासाठी नेदरलँड्समधली वाखनिंगन विद्यापीठ आणि डेल्फ्टचं आयएचई ही दोन नावं तुमच्या यादीत नाहीत, ती घाला. आयएचई स्वतः पाण्याचीच संस्था आहे, पीएचडीची पदवी भागीदार विद्यापीठांबरोबर मिळते.

देशागणिक पद्धत पार बदलते, हे नीट समजून घ्या. ब्रिटनमध्ये पहिल्या दिवसापासून तुमचा स्वतःचा विषय. वर्षभराने अपग्रेड किंवा ट्रान्सफरची परीक्षा, मग फील्डवर्क, मग लेखन. कागदोपत्री तीन ते चार वर्षं. म्हणूनच तिथे अर्ज करतानाच प्रपोजल पक्कं लागतं. अमेरिकेत आधी साधारण दोन वर्षं कोर्सवर्क, मग पात्रता परीक्षा, मग प्रबंध. वेळ जास्त, पण विषय तिथे जाऊन घडवता येतो. शिवाय तिथे 'विकास अभ्यास' या नावाची पीएचडी कमी ठिकाणी आहे, बहुतेक जण समाजशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र असल्या विभागांतून हेच काम करतात. नेदरलँड्समध्ये पुष्कळदा पीएचडी ही पगारी नोकरी असते, जाहिरात येते, मुलाखत होते. पण मग विषय बराचसा आधीच ठरलेला असतो. तुमच्याकडे स्वतःचा प्रश्न आहे, त्यामुळे हा मुद्दा तुमच्यासाठी महत्त्वाचा.

समाजकार्याची एमए बहुतेक ठिकाणी चालेल. संशोधन पद्धतींचा अनुभव मात्र दाखवावा लागेल, आणि तो तुमच्या कामातून दाखवता येतो.

खडूफळा:

सातासमुद्रा यांच्याशी सहमत. मी प्रबंधांची प्रपोजल्स वाचण्याच्या बाजूला असते, तिथून सांगते.

नोंदवही, तुमची तळमळ पहिल्याच परिच्छेदात पोचते. पण "समितीचं पुढे काय झालं" हा अजून मूल्यमापनाचाच प्रश्न आहे. समजा तुम्ही परत गेलात आणि निम्म्या समित्या मोडलेल्या दिसल्या, तर तो अहवाल होईल. प्रबंधाला "मग त्यातून आपल्याला कशाबद्दल नवं कळलं?" याचं उत्तर लागतं. समित्या का मोडतात याची कारणं माहीत आहेत: सुटे भाग मिळत नाहीत, वर्गणी थांबते, दुरुस्ती करणारा निघून जातो. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला कुठल्याही वेळी साधारण एक तृतीयांश हातपंप बंद असतात, हा अंदाज 2009 पासून जो तो देतो आहे.

तुमच्याच दोन देशांवर मोठं काम झालेलं आहे, ते वाचल्याशिवाय एक ओळही लिहू नका. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच्या नेतृत्वाखालचा 'हिडन क्रायसिस' प्रकल्प युगांडा, मलावी आणि इथिओपियात झाला. हातपंप चालू की बंद एवढंच न विचारता पाणी किती येतं, वर्षभर येतं का, प्यायच्या लायकीचं आहे का हेही त्यांनी तपासलं. निकष जसजसे कडक करावे तसतशी चालू पंपांची संख्या घसरत जाते, हे त्यातून स्पष्ट दिसलं. अहवालातल्या "हो"मध्ये किती काय लपतं, हे तुम्ही स्वतः जाणताच.

आता सिद्धांताची बाजू. इथे दोन वाटा आहेत आणि तुम्हाला कुठेतरी उभं राहावं लागेल. एक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची. सामायिक संसाधनं सांभाळणाऱ्या संस्था नीट घडवल्या, म्हणजे सदस्य कोण ते स्पष्ट असलं, नियम लोकांनीच केले, देखरेख आणि दंडाची सोय असली, तर त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पाणी समित्यांच्या आराखड्यांत या विचाराची छाप जागोजागी दिसते. दुसरी वाट विकास अभ्यासक फ्रान्सेस क्लीव्हर यांची. त्या म्हणतात की संस्था अशा आराखड्यावरून उभ्या राहत नाहीत. लोक जुने नातेसंबंध, प्रतिष्ठा, रूढी आणि नवे सरकारी नियम यांची हाताला लागेल तशी जुळवाजुळव करतात. त्यांनी त्याला 'ब्रिकोलाज' म्हटलंय.

या नजरेने पाहिलं तर कागदावर मोडलेली समिती प्रत्यक्षात चर्चच्या महिला गटात किंवा एखाद्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीत जिवंत असू शकते. पंप चालू आहे, पण समिती नाही. तुमच्या अहवालात ते "नाही" म्हणून जाईल. मला विचाराल तर तुमचा प्रबंध इथे आहे.

अवांतर: "प्रकल्प" हे एकक सोडून "पंप" हे एकक धरून बघा. एकाच पंपावर वीस-तीस वर्षांत किती संस्था येऊन गेल्या याचा इतिहास लिहिता येईल.

नोंदवही:

खडूफळा ताई, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. उधारीच्या वहीचं तुम्ही सहज लिहिलंत, पण असं मी खरंच पाहिलंय. एका गावात समितीचा अध्यक्ष कोण हे कुणालाच सांगता येईना आणि पंप मात्र व्यवस्थित सुरू. आमच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

पंप हे एकक धरायची कल्पना फार आवडली. म्हणजे प्रश्न साधारण असा: बाहेरच्या संस्था येतात आणि जातात, त्या दरम्यान पंप चालू ठेवण्याची जबाबदारी कुणाकडून कुणाकडे जाते आणि तिला गावात मान्यता कशी मिळते? बरोबर दिशेने आहे ना?

माहितीच्या वापराबद्दल कोणी सांगू शकेल का? माझ्याकडे जुन्या मुलाखतींच्या नोंदी आहेत.

खडूफळा:

हा प्रश्न खूपच बरा आहे. "मान्यता" हा शब्द सोडू नका, सगळा भार त्यावर आहे.

पाणलोट:

माहितीबद्दल मी लिहितो, कारण या बाबतीत लोक फार ढिसाळ असतात आणि त्याचा त्रास गावातल्या माणसांना होतो.

त्या मुलाखती लोकांनी प्रकल्पाच्या मूल्यमापनासाठी दिल्या होत्या. तुमच्या पीएचडीला त्यांची संमती नव्हती. संस्थेने लेखी परवानगी दिली तरी ती संस्थेची परवानगी झाली, त्या बाईची नव्हे जिने तुम्हाला विश्वासाने काही सांगितलं. जुन्या नोंदी कुठे जायचं, कुणाला भेटायचं, काय विचारायचं हे ठरवायला वापरा. प्रबंधातला पुरावा म्हणून नव्याने, नव्या संमतीने मुलाखती घ्या. प्रकाशित अहवालांचा संदर्भ देता येतो. अप्रकाशित आकडेवारी वापरायची तर संस्थेशी लेखी करार, आणि त्यात निष्कर्षांवर त्यांचा नकाराधिकार नसेल हे स्पष्ट हवं.

शेवटच्या मुद्द्यासाठी डेव्हिड मॉस यांचं प्रकरण वाचाच. भारताच्या पश्चिम भागातल्या, ब्रिटिश मदतीवरच्या एका शेती प्रकल्पात ते अनेक वर्षं सल्लागार होते. त्या अनुभवावर मानववंशशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी पुस्तक लिहिलं. 2005 मध्ये ते प्रसिद्ध होण्याआधी प्रकल्पातल्या जुन्या सहकाऱ्यांनी विद्यापीठाकडे आणि व्यावसायिक संघटनेकडे हरकत घेतली. पुस्तक आलं, पण आतल्या माणसाने आतल्यांबद्दल लिहिण्याची किंमत काय असते हे त्यांनी पुढे स्वतः मांडलंय. तुम्हीही आतल्याच आहात. ज्या सहकाऱ्यांनी ते तक्ते केले त्यांच्याबद्दल तुम्ही लिहिणार आहात. त्यांना आत्ताच सांगा.

परवानग्यांना वेळ लागतो. युगांडात स्थानिक नैतिकता समितीची मान्यता आणि त्यानंतर राष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान परिषदेची नोंदणी लागते. तुमच्या विद्यापीठाची नैतिकता समिती वेगळी. जिल्हा कार्यालयाचं पत्र आणखी वेगळं. हे सगळं फील्डवर्कच्या आदल्या महिन्यात सुरू करणारे अडकतात. आणि तिथल्या विद्यापीठातला एखादा संशोधक सुरुवातीपासून सोबत घ्या, नुसता परवानगीपुरता नव्हे. त्या गावांची भाषा तुम्हाला किती येते? दुभाष्यावर सगळं सोपवून "मान्यता" समजणार नाही.

सातासमुद्रा:

स्कॉलरशिपबद्दल राहिलं होतं. निधी नसेल तर जाऊ नका. "एक वर्ष स्वतःच्या पैशाने काढू, मग बघू" असं म्हणून गेलेल्यांचे हाल मी पाहिलेत. फील्डवर्कचा खर्च वेगळा येतो, तो स्कॉलरशिपमध्ये धरलाय का हे प्रत्येक ठिकाणी विचारा.

बघण्यासारख्या जागा: पात्र कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना कॉमनवेल्थ स्कॉलरशिप. ऑक्सफर्डला क्लॅरेंडन, ज्याला वेगळा अर्ज लागत नाही, प्रवेशाचा अर्ज मुदतीत गेला की विचार होतोच. ब्रिटिश रिसर्च कौन्सिलची स्टायपेंड 2021 पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुली आहे, पण त्यांचं प्रमाण 30 टक्क्यांपर्यंतच, त्यामुळे स्पर्धा तीव्र. जर्मनीत डाड ही शिष्यवृत्ती देणारी संस्था, आणि बॉनच्या झेफ संस्थेचा विकास संशोधनाचाच डॉक्टरेट कार्यक्रम. युरोपात मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क, यात पगार चांगला असतो. अट एवढीच की मागच्या 36 महिन्यांत त्या देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्या नसाव्यात.

कुटुंब बरोबर न्यायचं असेल तर: ब्रिटनने 2024 पासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ती सोय बंद केली, संशोधन पदवीसाठी ती चालू राहिली. नियम बदलत असतात, अर्जाच्या वेळी पुन्हा तपासा.

खडूफळा:

मदत कपातीच्या भीतीबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी. भीती खरी आहे. संस्थांमधल्या नोकऱ्या गेल्या आहेत आणि शिकवण्याच्या जागा आधीही थोड्याच होत्या. माहितीचाही प्रश्न आहे. अमेरिकी निधीवर चालणारा लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांचा डीएचएस कार्यक्रम फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवला गेला. कित्येक देशांच्या पाणी-आरोग्याच्या आकडेवारीचा तो कणा होता. त्यावर प्रबंध बेतणाऱ्यांना विषय बदलावे लागले असतील. तुमचं काम स्वतः गावात जाऊन करायचं असल्यामुळे तुम्ही त्यातून वाचता.

पण तुमचा प्रश्न आज आणखी निकडीचा झालाय. आतापर्यंत प्रकल्प ठरल्या तारखेला संपायचे, निदान निरोप तरी व्हायचा. 2025 मध्ये ते काही आठवड्यांत, मध्येच थांबले. समित्यांचं प्रशिक्षण अर्धवट, सुट्या भागांची साखळी अर्धवट. ती जबाबदारी कुणी उचलली आणि कुणी उचलली नाही हे नोंदवायला कोणीतरी आत्ता तिथे असायला हवं. दहा वर्षांनी विचारलं तर लोकांना आठवणार नाही. नोकरी सोडायच्या आधी अंथरूण पाहून पाय पसरा एवढंच सांगेन, पण विषय कालबाह्य होईल म्हणून थांबू नका.

नोंदवही:

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणलोट, भाषेचा मुद्दा अगदी लागला. मलावीत चिचेवा मला कामापुरती कळते, युगांडात ज्या भागात गेले तिथली अजिबात नाही. त्यामुळे मलावी नक्की करते आणि चिचेवाचा अभ्यास आतापासूनच वाढवते. जुन्या टीममधल्या दोघांना कालच फोन करून विषय सांगितला. एकीने उलट विचारलं की आमच्याही मुलाखती घेशील का. घेणार आहे.

आता एकच विचारायचं राहिलं. संभाव्य गाईडना पहिली ईमेल किती मोठी लिहावी आणि पूर्ण प्रपोजल लगेच जोडावं का?

सातासमुद्रा:

दोन छोटे परिच्छेद पुरेत. पहिल्यात तुमचा प्रश्न आणि तो कुठल्या अनुभवातून आला ते. दुसऱ्यात त्यांचा कोणता लेख वाचला आणि त्यातल्या कशाशी तुमचं जुळतं किंवा जुळत नाही ते, नेमकं. एक-दोन पानांचा आराखडा आणि सीव्ही जोडा, पूर्ण प्रपोजल त्यांनी मागितलं तर. "यंदा नवे विद्यार्थी घेताय का" हे सरळ विचारा. ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी निधीसह विचार व्हावा तर अर्जाची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते, म्हणजे ईमेल सप्टेंबरपर्यंत गेलेली बरी. दोन-तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा. आराखडा तयार झाला की इथे टाका, मी आणि खडूफळा वाचून देऊ.