क्रूझवर लहान मुलांचं भाडं आणि टिप: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरीचे. दिवाळीनंतर मुंबई-गोवा क्रूझने जायचं मनात आहे. आम्ही दोघं, पाच वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचा मुलगा.

जाहिरातीतलं भाडं माणशी असतं, तेही एका केबिनमध्ये दोघं धरून. तिसऱ्या-चौथ्याला सहसा सवलत मिळते, पण बंदर शुल्क, कर आणि टिप बहुतेक वेळा वेगळे. टिप माणशी, दर रात्रीच्या हिशेबाने. बऱ्याच कंपन्या ती मुलांनाही मोठ्यांएवढीच लावतात, काही दोन-तीन वर्षांखालच्यांना सोडतात. केबिन आवरणाऱ्यांचं, वाढणाऱ्यांचं काम मुलांमुळे वाढतंच, तेव्हा लेकीची टिप आम्ही आनंदाने देऊ. पण अजून दुधावर आणि पेजेवर असलेल्या बाळाचीही पूर्ण?

तान्हं बाळ घेऊन कुणी गेलं असेल तर कृपया सांगा, त्याचे एकूण कशाकशाचे पैसे लागले? टिप बुकिंगलाच घेतली की शेवटच्या बिलात? केबिनमध्ये पाळणा मिळतो का? आणि सासू-सासरेही येतो म्हणतायत, तर दोन केबिनमध्ये मुलं कशी विभागली म्हणजे स्वस्त पडेल?