सेंद्रिय अन्न घ्यायचे ते नेमके कशासाठी?

अबोली (प्रश्न)

आमचे मूल दोन वर्षांचे होत आले असून आता ते आमच्याच ताटातले खाऊ लागले आहे. त्यामुळे सेंद्रिय अन्नाचा विषय घरात वारंवार निघतो. सेंद्रिय अन्नात जीवनसत्त्वे अधिक असतात, असे एके ठिकाणी ठामपणे लिहिलेले आढळते, तर पोषणाच्या दृष्टीने फरक नगण्य आहे, असे दुसरीकडे तितक्याच ठामपणे सांगितलेले असते. सगळेच जिन्नस सेंद्रिय घेणे आम्हाला परवडणारे नाही. म्हणून जाणकारांना विचारते: आरोग्याचा लाभ नेमका कशात आहे, पर्यावरणाच्या मुद्द्याला आधार किती आहे, आणि थोडेच घेता येत असेल तर काय निवडावे?

आहार_अभ्यासक

अबोलीताई, जीवनसत्त्वांचा वाद तूर्त बाजूला ठेवावा असे मी सुचवेन, कारण सेंद्रिय अन्नाचे खरे बळ तिथे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये घेतलेल्या आढाव्यात जीवनसत्त्वांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. २०१४ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ शोधनिबंधांचा आढावा घेतला गेला, त्यात मात्र सेंद्रिय पिकांत अँटीऑक्सिडंट द्रव्ये अधिक आणि कॅडमियम हा घातक धातू जवळपास निम्मा आढळला. असे असले तरी एका बाबतीत दोन्ही आढावे सहमत आहेत: सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अवशेष बरेच कमी वेळा सापडतात.

लहान मुलांसाठी हीच बाब सर्वाधिक महत्त्वाची आहे. वजनाच्या मानाने मुले मोठ्यांपेक्षा अधिक खातात आणि त्यांच्या मेंदूची घडण अजून चालू असते. ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेवर आघात करण्यासाठीच बनवलेली असतात, आणि ज्या विकराला (एन्झाइमला) ती निकामी करतात तो आपल्या शरीरातही असतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शाळकरी वयाच्या २३ मुलांना पाच दिवस सेंद्रिय आहार दिला गेला. तो सुरू होताच याच वर्गातील मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरीफॉस यांच्या खुणा लघवीच्या तपासणीत जवळजवळ दिसेनाशा झाल्या आणि नेहमीचा आहार पुन्हा सुरू होताच परतल्या. अन्न बदलले की शरीरात जाणारे रसायन किती लवकर घटते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

मात्र सेंद्रिय अन्नाने कर्करोग टळतो, असे मी म्हणणार नाही. फ्रान्समधील सुमारे ६९,००० प्रौढांच्या २०१८ मधील पाहणीत सेंद्रिय अन्न नियमित खाणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण कमी दिसले, परंतु ब्रिटनमधील सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत एकूण प्रमाणात तशी घट आढळली नव्हती.

माती_आणि_पाणी

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण खाणाऱ्याच्या शरीरापाशीच थांबलो तर निम्मा विषय राहून जातो. ताटात येणारा अवशेष अत्यल्प असतो. विषाची मोठी मात्रा फवारणी करणाऱ्या माणसाच्या श्वासात आणि त्वचेवर जाते, आणि त्यानंतर ती शेतातल्या मधमाश्या, गांडुळे व ओढ्याच्या पाण्याच्या वाट्याला येते. आपण सेंद्रिय माल घेतो तेव्हा या सर्वांसाठीही निवड करत असतो, हे मला फार मोलाचे वाटते.

स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चालू असलेल्या एका दीर्घ प्रयोगात सेंद्रिय आणि नेहमीच्या रासायनिक पद्धतींचे वाफे शेजारी शेजारी राखले आहेत. पहिल्या २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सेंद्रिय वाफ्यांत उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी कमी आले, पण खते व ऊर्जा ३४ ते ५३ टक्क्यांनी आणि कीटकनाशके ९७ टक्क्यांनी कमी लागली. मातीतील गांडुळांचे प्रमाणही वाढलेले दिसले. यामागचे कारण साधे आहे. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत आणि पिकांची फेरपालट यांमुळे मातीत सेंद्रिय कर्ब टिकतो, त्यावर सूक्ष्मजीव जगतात आणि माती पाणी धरून ठेवते. याउलट नत्रयुक्त रासायनिक खताचा पिकाने न घेतलेला भाग नायट्रेटच्या रूपाने भूजलात झिरपतो किंवा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो.

फळबागेचा_अनुभव

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, हा समज मात्र दूर व्हायला हवा. बुरशी रोखण्यासाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण अनेक देशांच्या सेंद्रिय नियमांत चालते, आणि त्यातील तांबे मातीत साचत जाते. म्हणूनच युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. उत्पन्नातील घटही गंभीरपणे घ्यावी लागते. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी थांबवली आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला, कारण माती आणि शेतकरी या दोहोंना बदलासाठी वेळ द्यावा लागतो. मी स्वतः सेंद्रिय पद्धतीच्याच बाजूचा आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी अर्धवट बोलले जाऊ नये असे मला वाटते.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. निवडीचा प्रश्न तेवढा राहिला.

आहार_अभ्यासक

मूल जे रोज आणि सालीसकट खाते, ते आधी सेंद्रिय घ्या. पालेभाज्याही त्यातच धराव्यात. जाड साल काढून टाकावी लागते अशी फळे नेहमीची घेतली तरी चालतील. सफरचंदांवरील २०१७ च्या एका प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर पृष्ठभागावरील दोन कीडनाशके निघून गेली, पण सालीत मुरलेला अंश राहिला. त्यामुळे धुणे उपयोगी असले तरी पुरेसे नाही. आणि सेंद्रिय मिळाले नाही म्हणून मुलाच्या ताटातली फळे व भाज्या मात्र कधीही कमी करू नका.