व्ही-क्रॉसला दोन इंच लिफ्ट करू, की मोठे टायर?

गुहागरी_बागायतदार:
इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे. कंपनीचे २५५/६० आर१८ टायर (२५५ मिमी रुंद, भिंत रुंदीच्या ६० टक्के, रिम १८ इंची) गुळगुळीत झालेत. घर ते डांबर वाट बागेतून, सगळा जांभा. पावसाळा सरला की चाकोऱ्या खोल होतात आणि मधला वरंबा मागच्या बाजूला खालून घासतो. हंगामात हौद्यात आंब्याच्या पेट्या. मित्र म्हणतो दोन इंच लिफ्ट किट टाक. भाचा म्हणतो २८५/७० आर१७ लाव, गाडी काय दिसेल! आईला चढता आलं पाहिजे, हे बायकोचं. काय करू?

पाटेवाला_कोल्हापूर:
भाऊ, आधी खाली वाकून बघा काय घासतंय ते. मागे म्हणताय म्हणजे बहुतेक डिफचा गोळा, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधलं गिअरचं घर. तो एक्सलवर, एक्सल चाकांवर. लिफ्टनं चासी न् बॉडी वर जाते, गोळा आहे तिथंच. आईची मात्र पंचाईत. शिवाय पुढची चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट लवकर फाटतात.

गोळ्याला उचलतो फक्त टायर, तेही वाढीव उंचीच्या निम्म्यानं. तुमचा टायर सुमारे ७६३ मिमी उंच. भाच्याचा ८३१, म्हणजे गोळा ३४ मिमी वर. पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कमानीत घासणार, काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८७ वर असेल आणि पेट्या भरून घाट चढताना इंजिन रडेल.

२६५/६५ आर१७ घ्या, ऑल टेरेन, म्हणजे डांबर न् कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे. उंची ७७६. गोळा जेमतेम साडेसहा मिमी उचलला, पण रबराची भिंत १५३ वरून १७२ होते. जांभ्याच्या कडा रिमला लागत नाहीत. त्याला १७ इंची रिम लागेल: सहा बोल्टचा, पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ मिमी. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा खाली नको. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो.

आणि वरंबा कुदळीनं काढा की! रिमपेक्षा स्वस्त.

चिपळूणकर:
लिफ्ट करणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आधी वाचा. विम्याच्या वेळी तेच पुढं येतं.

गुहागरी_बागायतदार:
वाकून बघितलं, गोळाच. खालून चकचकीत झालाय. लिफ्ट रद्द, भाचा नाराज. पण दादा, १८ चे रिम चांगले आहेत हो, टाकवत नाहीत.

पाटेवाला_कोल्हापूर:
मग ठेवा. २६५/६० आर१८ बसवा, टोयोटाच्या हायलक्स पिकअपला येतो तोच. उंची ७७५, भिंत १५९. पेट्या भरल्यावर हवा कमी ठेवू नका.