ऑर्किडची पानं तकतकीत, पण वर्ष झालं तरी फुलांचा दांडा नाही

ठाण्याची_माई: नमस्कार मंडळी. भाचीने गेल्या वर्षी वाढदिवसाला जांभळं फॅलेनॉप्सिस ऑर्किड दिलं. फुलं चांगली अडीच-तीन महिने टिकली, मग दांडा वाळला. त्यानंतर नुसती पानंच येतायत, गडद हिरवी. कुंडी हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे, खिडकीपासून लांब. पांढरट मुळं बाहेर लोंबतायत, ती कापू का? मला ते झाड पुन्हा फुललेलं बघायचंय हो.

बाल्कनीवाला: १९:१९:१९ खत द्या, नत्र-स्फुरद-पालाश सारखंच असलेलं. लिटरभर पाण्यात चिमूटभर, पंधरवड्याने.

आमरीवेडी_कोल्हापूर: माई, मुळं अजिबात कापू नका! हे झाड मातीतलं नाही, फांदीवर राहणारं. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी, तीही ऑर्किडच, आंब्या-जांभळाच्या खोडाला धरून असते ना, तसंच. ती मुळं हवेतच हवीत. कोरडी असली की रुपेरी दिसतात, भिजली की हिरवी. रुपेरी झाल्याशिवाय पाणी घालायचं नाही.

खत चालेल, पण आधी उजेड. पान इतकं गडद म्हणजे उजेड कमी पडतोय. पोपटीकडे झुकणारं पान हवं. कुंडी पूर्वेच्या खिडकीत, पातळ पडद्याआड न्या. दुपारच्या उन्हात मात्र पानं भाजतात.

आणि थंडी! सतत २८ अंशांच्या वर उष्मा राहिला की हे झाड पानंच काढत बसतं. दांडा धरायला काही आठवडे रात्री १८ अंशांच्या आसपास लागतात. तुमच्याकडे हे डिसेंबर-जानेवारीतच जमेल, तेव्हा रात्री खिडकी उघडी ठेवा.

ठाण्याची_माई: किती छान सांगितलंत ताई. कुंडी चिनी मातीची आहे, तळाला भोक नाही. चालेल?

आमरीवेडी_कोल्हापूर: नाही चालणार, मुळं कुजतील. भोकांची पारदर्शक प्लास्टिकची कुंडी घ्या, म्हणजे मुळांचा रंगही दिसेल. आत पाइनच्या सालीचे तुकडे नि कोळसा, माती मुळीच नको. पाणी सकाळी घाला. पानांच्या बेचक्यात साचलं तर लगेच टिपून घ्या, मधला कोंब सडला की झाड जातं.

बाल्कनीवाला: दांडा आला हे कसं ओळखायचं? मला तर मुळासारखाच वाटतो.

आमरीवेडी_कोल्हापूर: मुळाचं टोक गोल, गुळगुळीत असतं. दांड्याचं चपटं आणि एका बाजूला खाच असलेलं. तो दिसला की कुंडी फिरवू नका. दांडा उजेडाकडे वळत जातो, सारखी दिशा बदलली तर कळ्या वेड्यावाकड्या लागतात.